प्रौढांच्या दीक्षावर्गाविषयी: एका समलिंगी विद्यार्थ्याचा अभिप्राय

कॅथोलिक पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या मंडळीत, बाप्तिस्मा वगैरे संस्कार घेऊ इच्छिणाऱ्या प्रौढांसाठी जो दीक्षावर्ग चालतो, त्याचे परीक्षण लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. कृपेला गुण देता येत नाहीत, आणि ते देण्याचा माझा इरादाही नाही. मात्र वर्ग ही गोष्ट वेगळी आहे. त्याला वेळापत्रक असते, अर्ज असतो, शिकवणारी माणसे असतात, त्यांचे चांगले आणि वाईट दिवस असतात. आणि या सगळ्याचा बरावाईट परिणाम त्या दारात उभ्या असलेल्या माणसावर होतो. मी 56 व्या वर्षी बाप्तिस्मा, दृढीकरण (तेल लावून श्रद्धा दृढ करण्याचा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद (येशूचे शरीर मानली जाणारी पवित्र भाकर) हे तिन्ही संस्कार एकाच रात्री घेतले. मी समलिंगी आहे आणि माझा सोबती गेली 22 वर्षे माझ्या घरात राहतो. याच वाटेने जाण्याचा विचार करणाऱ्या, पण कोणाला विचारावे हे न कळणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

आधी वर्गाच्या रचनेविषयी. सुरुवातीच्या शतकांत प्रौढांना टप्प्याटप्प्याने दीक्षा देण्याची जी रीत होती, ती पुन्हा सुरू करावी असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये ठरवले आणि त्यानुसार तयार झालेला विधी 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. आजचे वर्ग त्याच चौकटीवर चालतात. आधी चौकशीचा काळ, मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार, मग बिशपांसमोर निवडीचा विधी, त्यानंतर ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळातील शुद्धीकरण, ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात संस्कार आणि शेवटी ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसापर्यंतचे मननपर शिक्षण, असा हा क्रम आहे. आमचा वर्ग आठवड्यातून एकदा, संध्याकाळी दीड तास, असा सुमारे नऊ महिने चालला. शुल्क नव्हते, आणि ते असूही शकत नाही. संस्कारांसाठी ठरलेल्या अर्पणापलीकडे काही मागू नये आणि गरिबाला पैशाअभावी वंचित ठेवू नये, असे चर्चच्या कायद्याचे 848 वे कलमच सांगते.

अडचण पहिल्याच संध्याकाळी आली, आणि ती एका कागदाच्या रूपाने आली. प्रवेश अर्जात नाव, जन्मतारीख, पूर्वीचा धर्म यांच्या खाली चार चौकोन होते: विवाहित, अविवाहित, विधुर किंवा विधवा, घटस्फोटित. हा रकाना उगाच नसतो, हे मला नंतर कळले. आधीचे लग्न, त्यातील बंधने आणि सध्याची स्थिती यांवर संस्कार कधी देता येतील हे अवलंबून असते, म्हणून चौकशी करावीच लागते. पण त्या क्षणी मी हातात पेन घेऊन बसलो होतो आणि चारांपैकी एकही शब्द पुरेसा नव्हता. ‘अविवाहित’ खरे होते, पण 22 वर्षे ज्याच्या औषधांच्या वेळा मला तोंडपाठ आहेत त्या माणसाविषयी त्या चौकोनाला काहीच माहीत नव्हते. शेवटी मी शेजारच्या बाईंकडून पेन्सिल मागून घेतली आणि खूण अगदी फिकट केली, खोडता यावी म्हणून.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच मी पेन्सिल मागितली. सहा वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या पॅरिशमध्ये याच वर्गासाठी गेलो होतो. तिथे अर्ज नव्हता. वर्ग चालवणारे गृहस्थ स्वतःच प्रश्न विचारत होते. मी सरळपणे घरची परिस्थिती सांगितली. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “आधी घरचं निस्तरा, मग या.” आवाज चढलेला नव्हता, अपशब्द नव्हता. फादरांशी बोलता येईल का, असे मी विचारले, तर त्याची गरज नाही असे उत्तर मिळाले. मी घरी आलो आणि सहा वर्षे पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. चर्चची शिकवण कठोर आहे याचे दुःख मला तेव्हा झाले नव्हते, कारण ती मला ठाऊकच होती. ती सांगण्याचा आणि माझे ऐकून घेण्याचा ज्यांना अधिकार होता त्यांच्यापर्यंत मला पोहोचूच दिले गेले नाही, याचे दुःख झाले.

या सेवेतील एक उणीव बाहेरच्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाला पापनिवेदनाचा संस्कार घेता येत नाही. बाप्तिस्म्यानेच आधीच्या सर्व पापांची क्षमा होते, म्हणून त्याआधी कुमसाराची, म्हणजे याच पापनिवेदनाची, खिडकी त्याच्यासाठी उघडत नाही. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या एकाचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला होता, पुढे घरात कोणी चर्चचे नाव काढले नव्हते. त्याला दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा होता. त्याला मात्र आधी पापनिवेदन करता आले. जाळीपलीकडे बसून, गुप्ततेच्या कडक नियमाच्या आड, त्याला हवे ते बोलता आले. माझ्यासारख्याने आपल्या आयुष्यातील सर्वांत नाजूक गोष्ट सांगायची कुठे? अर्जावर जागा नाही, वर्गात वीस माणसे, कुमसार अजून दूर. उरते ती कार्यालयातील खुर्ची, समोर टेबल, मागे उघडे दार आणि कोणीतरी झेरॉक्स काढत असल्याचा आवाज. वर्ग चांगला की वाईट, हे माझ्या मते इथेच ठरते: सांगायला जागा मिळते की नाही.

या पॅरिशमध्ये ती मिळाली, पण मागितल्यावर. तिसऱ्या आठवड्यात मी वर्ग घेणाऱ्या सिस्टरांना सांगितले की मला फादरांशी एकट्याने बोलायचे आहे. त्यांनी कारण विचारले नाही, दोन दिवसांनंतरची वेळ दिली. फादरांनी दार लावून घेतले, फोन खणात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला तो विधीतलाच होता: “चर्चकडून तुम्हाला काय हवं आहे?” मी गडबडलो आणि आधी घरचे सांगायला लागलो. त्यांनी ते सगळे ऐकून घेतले आणि मग पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्या तासाभरात त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही. समलिंगी व्यक्तीला ब्रह्मचर्याचे आवाहन आहे, समलिंगी संबंधांना चर्च नैतिक मान्यता देत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यानंतर म्हणाले, “शिकवण मी तुमच्या सोयीची करून सांगणार नाही, आणि तुमचा विवेक मी तुमच्या वतीने चालवणारही नाही. दोन्ही घेऊन आपल्याला नऊ महिने चालायचं आहे.”

कायदा काय म्हणतो हेही त्यांनी सांगितले, आणि ते इथे लिहून ठेवणे मला महत्त्वाचे वाटते, कारण पहिल्या पॅरिशमध्ये ते कोणी सांगितले नव्हते. 843 व्या कलमानुसार योग्य रीतीने संस्कार मागणाऱ्या, त्यासाठी मनाची नीट तयारी असलेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला ते नाकारता येत नाहीत. 865 व्या कलमानुसार प्रौढाच्या बाप्तिस्म्यासाठी त्याची स्वतःची इच्छा, पुरेसे शिक्षण, दीक्षाकाळात ख्रिस्ती जीवनाची परीक्षा आणि पापांविषयी पश्चात्तापाचे आवाहन या गोष्टी हव्यात. समलिंगी असणे ही या यादीतील अट नाही आणि अडथळाही नाही. प्रश्न येतो तो ‘मनाची तयारी’ या शब्दांत, आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम समोरासमोर बसून करावे लागते. ब्राझीलमधील एका बिशपांच्या प्रश्नांना उत्तर देताना व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये जी टिपणे प्रसिद्ध केली, त्यांतही पोप फ्रान्सिस यांच्या 2013 च्या उपदेशपत्रातील विचार पुन्हा पुढे ठेवला आहे की संस्कारांचे दार वाटेल त्या कारणावरून बंद करू नये, आणि बाप्तिस्मा हे तर दारच आहे. माझ्या घरात पुढे काय ठरले, माझ्यात आणि सोबत्यात काय बोलणे झाले, हा या परीक्षणाचा विषय नाही. मी कोणाशी खोटे बोललो नाही, एवढे सांगतो.

आता प्रत्यक्ष शिक्षणाविषयी. विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना, एकेका वाक्याने उलगडत नेण्याचे चार तास उत्तम होते. सिस्टरांची तयारी पक्की होती आणि प्रश्न विचारला की त्या खुलत. पोथीतल्यासारखे पाठांतर नव्हते. संतांवरचा तास कंटाळवाणा झाला. चर्चच्या इतिहासाचे तर दीड तासात वीस शतकांचे गाठोडे बांधले गेले, त्याविषयी बोलण्यासारखे काही नाही.

माझी खरी तक्रार सहाव्या आज्ञेच्या, म्हणजे व्यभिचार आणि लैंगिक नीतीविषयीच्या, तासाविषयी आहे. त्या दिवशी सिस्टर नव्हत्या, एक तरुण धर्मशिक्षक आले होते. चर्चच्या शिकवणीचा अधिकृत संग्रह असलेल्या श्रद्धाग्रंथात समलिंगी व्यक्तींविषयी एकापाठोपाठ एक तीन परिच्छेद आहेत, 2357 पासून 2359 पर्यंत. पहिला अशा संबंधांना स्वभावतःच विस्कळीत ठरवतो. दुसरा अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकार करावा आणि अन्याय्य भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी असे सांगतो. तिसरा ब्रह्मचर्याचे आवाहन करतो आणि आत्मसंयम, निःस्वार्थ मैत्रीचा आधार, प्रार्थना आणि संस्कारांची कृपा यांच्या बळावर ख्रिस्ती परिपूर्णतेकडे जाता येते असे म्हणतो. धर्मशिक्षकांनी पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला. मागच्या बाकावर कोणीतरी हसले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, “पुढचे दोन घरी वाचा, वेळ झाली.” आठ वाजून दोन मिनिटे झाली होती. सगळे खुर्च्या रचू लागले. मीही चार खुर्च्या रचल्या, कारण दुसरे काय करावे ते सुचेना. शिकवणीचा एकतृतीयांश भाग म्हणजे शिकवण नव्हे. इतर कुठल्याही विषयात अशी चूक झाली असती तर ती लगेच लक्षात आली असती. मी सिस्टरांना लेखी कळवले. पुढच्या आठवड्यात त्यांनी उरलेले दोन्ही परिच्छेद स्वतः वाचून घेतले, दहा मिनिटे चर्चाही झाली. तक्रार ऐकली गेली, हे नमूद करायला हवे. त्याच चर्चेत एकाने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याविषयीच्या व्हॅटिकनच्या 18 डिसेंबर 2023 च्या घोषणेचा दाखला देऊन चर्चने समलिंगी विवाह मान्य केला आहे असे सांगितले, तेव्हा सिस्टरांनी ते दुरुस्त केले: तो विधीबाहेरचा, उत्स्फूर्त आशीर्वाद आहे, दहा-पंधरा सेकंदांचा, विवाह संस्कार तो नाही.

वर्गाबाहेरचा एक अनुभव मात्र मला अनपेक्षितपणे आवडला. दीक्षार्थींना रविवारच्या मिस्सेत (मुख्य उपासनेत) प्रवचनानंतर बाहेर पाठवतात. ख्रिस्तप्रसादाच्या भागाला त्यांनी थांबायचे नसते. एका खोलीत जाऊन त्या दिवसाच्या शुभवर्तमानावर (येशूच्या जीवनकथेतील उताऱ्यावर) बोलायचे असते. पहिल्या रविवारी नाव पुकारले आणि सगळ्यांसमोर उठून बाहेर चालायचे होते, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बाहेर पाठवले जाण्याचा मला आयुष्यभराचा सराव आहे. पण त्या रांगेत आम्ही सातजण होतो: एक आजी, एक नवविवाहित मुलगी, दोन भाऊ, एक डॉक्टर, एक विद्यार्थी आणि मी. सगळ्यांना एकाच कारणासाठी बाहेर काढले जात होते आणि सगळ्यांना एकाच जागी परत यायचे होते. चौथ्या रविवारपर्यंत आमच्यात त्या रांगेवरून विनोद सुरू झाले होते.

संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाचा भाग कोणता, असे कोणी विचारले तर मी प्रायश्चित्तकाळातील तीन परीक्षणविधी सांगेन. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी अनुक्रमे विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजरस यांची शुभवर्तमाने वाचली जातात आणि निवडलेल्यांवर प्रार्थना केली जाते. तिन्ही योहानाच्या शुभवर्तमानातली आहेत. शोमरोनी स्त्रीची गोष्ट मी आधी अनेकदा ऐकली होती, पण गुडघे टेकून ऐकली नव्हती. येशू तिला सांगतो की तुला पाच नवरे होते आणि आता जो तुझ्याजवळ आहे तो तुझा नवरा नाही. हे वाक्य वाचले गेले तेव्हा मला अर्जावरचे ते चार चौकोन आठवले. तिच्यासाठीही त्यांत जागा नसती. पण येशू हे बोलून वही मिटत नाही. संभाषण पुढे चालू राहते, उपासना कुठे करावी, तारणारा कोण, इथपर्यंत जाते, आणि ती आपली घागर तिथेच टाकून गावाकडे धावते. त्याने तिची स्थिती झाकली नाही, आणि ती तिच्यावर फेकूनही मारली नाही. फादरांनी त्या दिवशी प्रवचनात माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

प्रार्थना चालू असताना धर्मपित्याने, म्हणजे दीक्षार्थीची साथ देणाऱ्या ज्येष्ठ कॅथोलिकाने, आपला हात दीक्षार्थीच्या खांद्यावर ठेवायचा असतो. माझे धर्मपिता पॅरिशमधील एक निवृत्त गृहस्थ होते, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी त्यांना सगळे आधीच सांगितले होते, कारण ज्याला आपल्यासाठी उभे राहायचे आहे त्याला अर्धवट माहिती देणे मला बरे वाटले नाही. त्यांनी थोडा वेळ चष्मा पुसला आणि विचारले, “ते जागरणाला येणार का? खूप वेळ चालतं, त्यांना पाठीचं काही नाही ना?” परीक्षणविधीच्या वेळी त्यांचा हात किंचित थरथरत होता, वयामुळे असावा.

ईस्टरच्या जागरणाविषयी मी फार लिहिणार नाही, ते ज्याने त्याने पाहावे. अंधारात अग्नी पेटतो, पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती आत येते, तिच्यावरून सगळ्यांच्या हातातील मेणबत्त्या पेटवल्या जातात. सोबती तिसऱ्या रांगेत होता. तो कुठलाच धर्म पाळत नाही, पण मेणबत्ती त्याने दोन्ही हातांनी धरली होती. पाणी तीन वेळा डोक्यावर ओतले गेले, ते माझ्या अपेक्षेपेक्षा गार होते. प्रौढाला बाप्तिस्मा देणारा धर्मगुरूच त्याला लगेच दृढीकरण देतो, त्यासाठी बिशपांची वाट पाहावी लागत नाही. कपाळावर जे क्रिज्मा तेल लावतात, त्यात ऑलिव्ह तेलात सुगंधी बाल्सम मिसळलेला असतो. ते पुसायचे नाही असे मी ठरवले होते. सकाळी उशीच्या अभ्र्याला तो वास होता आणि सोबत्याने मला विचारले की हा अभ्रा धुवायचा आहे की नाही.

त्यानंतरची सेवा मात्र ढिली आहे. ईस्टरनंतर पन्नास दिवस मननपर शिक्षण व्हायला हवे. आमच्याकडे दोन बैठका झाल्या आणि तिसरीला कोणीच आले नाही. माझे पहिले पापनिवेदन जूनमध्ये झाले. गुप्ततेचा नियम धर्मगुरूवर असतो, माझ्यावर नाही, तरी मी तो पाळतो आहे. पण समलिंगी कॅथोलिकाला पुढे कोणाचा आधार मिळू शकतो, याविषयी वर्गात एक शब्दही उच्चारला गेला नाही. 1980 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली ‘करेज’ ही संघटना ब्रह्मचर्याची वाट धरणाऱ्यांना साथ देते. 1969 मध्ये सुरू झालेली ‘डिग्निटी’ ही संघटना शिकवणीत बदल मागते. दोघींची दिशा वेगळी आहे, पण नाव तरी कानावर पडायला हरकत नव्हती. पस्तीस आठवड्यांत वीस माणसांपैकी हा प्रश्न फक्त माझाच असेल, हे मला पटत नाही.

जाणाऱ्याला माझा सल्ला असा: अर्ज भरण्याआधी फादरांची वेळ मागा. मिळाली नाही, तर दुसरी पॅरिश शोधा, सहा वर्षे घरी बसू नका. शिकवण बदलून मिळेल या आशेने जाऊ नका. ती बदलून मिळत नाही. धर्मपिता किंवा धर्ममाता नीट निवडा, वर्गापेक्षा तेच अधिक लागतात. पाचपैकी मी साडेतीन तारे देईन. परीक्षणविधींचे वेगळे दिले असते तर पाच, आणि ईस्टरनंतरच्या व्यवस्थेला एकच.

नव्या तुकडीला मदत करायला याल का, असे सिस्टरांनी मला मागच्या महिन्यात विचारले. मी हो म्हणालो आणि एक विनंती केली: अर्जात त्या चार चौकोनांखाली एक ओळ घाला, ‘याविषयी फादरांशी एकांतात बोलायचे आहे’. त्यांना ती लगेच पटली. फक्त कपाटात मागच्या वर्षी छापून घेतलेले दोनशे अर्ज शिल्लक आहेत, ते आधी संपू देत, असे त्या म्हणाल्या. तोवर ती ओळ मी प्रत्येक अर्जावर हाताने लिहितो आहे. काल रात्रीपर्यंत चाळीस झाले.